नवऱ्याची सही, डॉक्टरचं मत, बोर्डाचा अहवाल: गर्भपाताचा निर्णय नेमका कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. मावसबहिणीला तेरावा आठवडा चालू आहे. पदरात दोन मुलं आहेत, तिसरं तिला नको आहे आणि नवरा तयार नाही. दवाखान्यात सांगितलं, "नवऱ्याची सही घेऊन या, मग बघू." विचारणाऱ्या ताईंनी पुढे लिहिलं आहे, "२०२२ मध्ये अमेरिकेत बायकांचा हा हक्क गेला आणि त्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टाने तो वाढवला, असं वाचलं होतं. मग ही सही कुठून आली? आपल्याकडे हक्क आहे की नाही?"

आधी सहीचं सांगते, कारण ते सोपं आहे. नवऱ्याची सही कायद्यात नाही. १९७१ च्या मूळ कायद्यातही नव्हती. एमटीपी कायद्याचं, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याचं, कलम ३(४) सांगतं की बाई अठरा वर्षांच्या वरची असेल तर फक्त तिची संमती लागते. वय कमी असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लेखी संमती घ्यायची. नवरा, सासू, वडील यांचा त्यात उल्लेखही नाही. आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या ज्या निकालाबद्दल ताईंनी वाचलं, त्यात सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना हेच बजावलं आहे, की कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, लावू नका.

तरी सही मागतात. का मागतात तेही मला माहीत आहे. उद्या नवरा चार माणसं घेऊन दवाखान्यात येईल, काचा फोडेल, पोलीस ठाण्यात जाऊन बसेल, ही भीती असते. तालुक्याच्या गावी एकट्याने नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरची ही भीती खोटी नाही, मी तिला हसत नाही. पण तिचा भार तेरा आठवड्यांच्या बाईच्या डोक्यावर का, हा खरा मुद्दा. आणि त्याचं उत्तर कायद्याच्या घडणीतच सापडतं.

आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हा आहे. बऱ्याच वकिलांनाही हे चटकन आठवत नाही. १८६० च्या दंडविधानाचं कलम ३१२, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८. बाईचा जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कारणाने गर्भपात घडवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःच स्वतःचा गर्भपात घडवणारी बाईही त्यात येते, स्पष्टीकरणात तसं लिहिलेलंच आहे. नवा कायदा आणताना नाव बदललं, कलमाचा आकडा बदलला, हे मात्र तसंच उचलून ठेवलं.

या गुन्ह्याच्या भिंतीला १९७१ मध्ये एक दार पाडलं. चोरून पोट पाडताना बायका मरत होत्या, म्हणून शांतिलाल शहा समिती १९६४ मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, आणि कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बायकांचे जीव हे एक कारण, लोकसंख्येची चिंता हे दुसरं. बाईचा हक्क हे कारण तेव्हा कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं. कलम ३ ची भाषा बघा. "बाईला गर्भपात करून घेता येईल" असं ते म्हणत नाही. ते म्हणतं की नोंदणीकृत डॉक्टरने या अटी पाळून गर्भपात केला तर तो कोणत्याही गुन्ह्याबद्दल दोषी ठरणार नाही. म्हणजे कवच डॉक्टरला आहे. बाई त्याच्या आडोशाने उभी राहते, आणि कवच ज्याचं, तोच ते किती पुढे धरायचं हे ठरवणार.

आजचा हिशेब २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा आहे, २४ सप्टेंबर २०२१ पासूनचा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि तेही नियम ३-ब मधल्या यादीतल्या बायकांसाठीच: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात वैवाहिक स्थिती बदललेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात दोष असलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढे फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने सांगितलं तरच. जीव तातडीने वाचवायचा असेल तर कलम ५, त्याला आठवड्यांची मर्यादा नाही.

"मला नको आहे" हे कारण यात कुठेही नाही, पहिल्या आठवड्यातही नाही. डॉक्टरला लिहावं लागतं की गर्भ चालू राहिला तर बाईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल. गर्भनिरोधकाचं साधन फसलं असेल तर ती इजा गृहीत धरता येते. म्हणून मी आजवर पाहिलेल्या बहुतेक कागदांवर कारणाच्या रकान्यात एकच वाक्य आहे: साधन निकामी झाले. कधी साधन वापरलेलंच नसतं. बाई खोटं बोलते, डॉक्टर ते लिहून घेतो, दोघांनाही ते माहीत असतं आणि काम होतं. पन्नास वर्षं आपला कायदा या सोयीस्कर खोट्यावर बरा चालला आहे. एक बदल मात्र मोलाचा झाला. पूर्वी साधन "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" यांचंच फसू शकत होतं, २०२१ पासून ते "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" यांचं फसतं.

आता अमेरिका. तिकडे उलटी गोष्ट होती. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने गर्भपात हा घटनेतून येणारा बाईचा हक्क ठरवला. १९९२ च्या 'केसी' निकालाने तो थोडा आकसला: गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल तोवर राज्याने बाईच्या वाटेत अवाजवी अडथळा आणायचा नाही, इतकंच उरलं. २४ जून २०२२ ला 'डॉब्स' निकाल आला. मिसिसिपीच्या पंधरा आठवड्यांच्या बंदीवरून सुरू झालेलं ते प्रकरण. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं की हा हक्क घटनेच्या शब्दांत नाही, देशाच्या इतिहासात आणि परंपरेतही रुजलेला नाही, म्हणून प्रश्न राज्यांकडे परत. कोर्टाने बंदी घातली नाही हे लक्षात घ्या. बंदीला आड येणारी भिंत काढली. मग कुठे जवळपास पूर्ण बंदी, कुठे काहीच बंदी नाही. कॅन्सससारख्या पुराणमतवादी राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांनी मतदान करून हक्क राखला, हेही त्याच निकालाचं फळ.

टेक्सासचा २०२१ चा कायदा मला वकील म्हणून फार चलाख वाटतो, आणि म्हणूनच भयंकर. 'रो' अजून जिवंत असताना तो आला. सरकार कारवाई करणारच नाही, पण गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कुणीही ऐरागैरा दावा लावू शकेल आणि जिंकला तर किमान १०,००० डॉलर मिळवेल. सरकार हात झटकून मोकळं, मग आव्हान द्यायचं कुणाला? पुढे डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्याच एका बाईचं प्रकरण गाजलं. गर्भाला ट्रायसोमी १८, म्हणजे गुणसूत्रांतला गंभीर दोष, वीस आठवडे झालेले. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली, तोवर बाईने राज्य सोडलं होतं.

हे वाचताना मला मुंबईचं २००८ चं प्रकरण आठवलं. डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य उच्च न्यायालयात आले होते. गर्भाच्या हृदयात दोष, आणि तो कळला तेव्हा वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटलेली. कोर्टाने नकार दिला. तेव्हा तांत्रिक अडचण अशी, की गर्भाचे अवयव नीट तपासणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते आणि मर्यादाही विसाव्यालाच. दोष दिसतो तोवर दार बंद. १९७१ मध्ये अशी सोनोग्राफीच नव्हती, त्यामुळे तेव्हा कुणाची चूक म्हणता येत नाही. पण २००८ ते २०२१ ही तेरा वर्षं बायकांनी एकेक करून कोर्टात येऊन घालवली.

माझा व्यवसाय त्याच काळातला. औरंगाबाद खंडपीठात अशा परवानगीसाठीच्या रिट याचिका मी लढवत आले आहे. बाहेर चर्चा चालते ती गर्भाचा जीव मोठा की बाईची निवड मोठी, अशी. कोर्टात आमची लढाई बहुतेक वेळा वाराशी आणि तारखेशी असते.

एक प्रकरण सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. सोळा वर्षांची मुलगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. अत्याचार फडावर, कोपीत. गावी परतल्यावर मुलगी गप्प, पोट दिसायला लागल्यावर आईला कळलं. जूनचा पहिला आठवडा, कोर्टाला उन्हाळी सुट्टी. दवाखान्याच्या सोनोग्राफीत आलं २५ आठवडे २ दिवस. दवाखान्याने हात वर केले: चोवीसच्या पुढे आहे, कोर्टाची ऑर्डर आणा. मी आईला विचारलं, शेवटची पाळी कधी? ती म्हणाली, "येळ आमुशाला बाजूला बसली हुती. शेतात जेवायला आली न्हाई, म्हनून ध्यानात हाय." वेळ अमावास्या म्हणजे मार्गशीर्षातली; मी पंचांग काढून दिवस मोजले. २३ आठवडे ४ दिवस.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस बऱ्यापैकी अचूक सांगते. सहाव्या महिन्यातली दोन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकते, हे कोणताही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. आईचा हिशेब धरला असता तर मुलगी अल्पवयीन आणि अत्याचारपीडित म्हणून ३-ब मध्ये बसत होती. दोन डॉक्टरांच्या सहीवर काम झालं असतं, कोर्ट लागलंच नसतं. पण यंत्राच्या आकड्यापुढे वेळ अमावास्येला कोण विचारतो.

शुक्रवारी सुट्टीतल्या कोर्टापुढे मेन्शनिंग केलं, म्हणजे तातडीने ऐका अशी विनंती केली. कोर्टाने लगेच बोर्डाकडे, म्हणजे वैद्यकीय मंडळाकडे पाठवलं. शनिवार-रविवार बोर्डाचे सगळे सदस्य जमेनात. मंगळवारी अहवाल आला, पाच ओळींचा. गर्भ निकोप आहे, गर्भात व्यंग नाही, सबब शिफारस करता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल अवाक्षर नाही. तिचं हिमोग्लोबिन किती, ती झोपते का, ती काय म्हणते, काही नाही. न्यायमूर्तींनी अहवाल परत पाठवला, मुलीची तपासणी करून सांगा म्हणून. गुरुवारी दुसरा अहवाल, शुक्रवारी परवानगी. आठवडा गेला. एक आठवडा ऐकायला काही नाही, पण पंचवीसाव्या आठवड्यात त्याने शस्त्रक्रियेची जोखीम बदलते आणि बाळ जिवंत जन्मण्याची शक्यताही. म्हणून अशा आदेशांत हल्ली ठरलेली दोन वाक्यं असतात: डीएनएसाठी नमुना जपून ठेवावा, आणि बाळ जिवंत जन्मलं व पालक सांभाळायला तयार नसतील तर जबाबदारी शासनाची.

बोर्डाचा स्वभावच असा झाला आहे. कायद्याने बोर्डाला गर्भाचं व्यंग तपासायला नेमलं, म्हणून ते गर्भच तपासतं. अत्याचारातून राहिलेल्या २५ आठवड्यांच्या गर्भासाठी कायद्यात वाटच नाही, ती रिट करून काढावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने यावर बोट ठेवलं: बोर्डाने गरोदर व्यक्तीच्या शरीर-मनावर काय परिणाम होईल हे लिहायलाच हवं, नुसतं गर्भाचं वय मोजून भागणार नाही. त्या प्रकरणात आधी परवानगी मिळाली, मग घरच्यांचं मन बदललं आणि आदेश मागे घेतला गेला. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांना मी सांगते, निवड म्हणजे "नको" इतकीच नसते. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या चंदीगडच्या प्रकरणात, सुचिता श्रीवास्तव निकालात, बाईला मूल हवं होतं म्हणूनच गर्भपात थांबवला होता. घटनेच्या अनुच्छेद २१ मधलं स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना चालतं, हे त्या निकालाचं मोल.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं. ३३ आठवडे, गर्भात गंभीर व्यंग, आणि बोर्डाचं म्हणणं की आता फार उशीर झाला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या खंडपीठाने परवानगी दिली आणि म्हटलं की निवडीचा हक्क याचिकाकर्तीचा आहे, वैद्यकीय मंडळाचा नाही.

मग हक्क आहे असं म्हणायचं का? ऑक्टोबर २०२३ बघा. विवाहित बाई, दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू, स्तनपानामुळे पाळी बंद, त्यामुळे गर्भ राहिल्याचं उशिरा कळलं. ९ तारखेला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांचं पत्र आलं: गर्भ जगण्याची शक्यता आहे, हृदय आधी बंद करायचं का ते सांगा. ११ तारखेला त्याच दोघींत मतभेद झाला. न्या. हिमा कोहली यांना पुढे जाववेना, न्या. नागरत्ना म्हणाल्या बाईचा निर्णय मानायला हवा. १६ तारखेला सरन्यायाधीशांच्या तीन सदस्यीय पीठाने नकार दिला, २६ आठवडे ५ दिवसांवर. २०२२ चा उदार निकाल देणारे न्या. चंद्रचूडच त्या पीठावर होते. मला हा निकाल पटत नाही, पण त्या डॉक्टरांचा प्रश्न मी थिल्लर मानत नाही. जगू शकणाऱ्या गर्भाच्या हृदयात इंजेक्शन द्यायचं काम वकिलाचं नसतं. या टप्प्यावर राज्याने काहीच म्हणू नये, असं मी म्हणणार नाही. माझा राग त्याआधीच्या आठवड्यांवर आहे. विसाव्याच्या आतही बाईने कारण सांगायचं, आणि वीस ते चोवीसमध्ये कुणाचं दुःख यादीत बसतं हे सरकारने ठरवायचं. २०२२ च्या निकालाने त्या यादीत अविवाहित बाईलाही घेतलं, तो त्याचा मोठेपणा. यादी मात्र तशीच राहिली.

अठराच्या आतल्या मुलींचं आणखी एक. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मर्जीने झालेलं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवलंच पाहिजे. आई पोलिसांचं नाव ऐकताच मुलीला उठवून घेऊन जाते, आणि कुठे जाते ते विचारू नका. २०२२ च्या त्याच निकालात सोय आहे: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव-पत्ता द्यायची गरज नाही. ही ओळ प्रत्येक प्रसूतिगृहात भिंतीवर लावावी, कारण मला भेटलेल्या निम्म्या डॉक्टरांना ती ठाऊक नव्हती.

"एवढी सूट दिली तर मुलीच पाडतील" हा आक्षेप महाराष्ट्रात झटकून टाकता येत नाही. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपणच केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली ८९४, बीडमध्ये ८०७. पण गुन्हा लिंग शोधण्यात आहे, गर्भपातात नाही. १९८८ च्या कायद्यासाठी भांडलेल्या बायकांनी हा फरक तेव्हाही नीट सांभाळला होता. यंत्रणेला तो जड जातो. सोनोग्राफी सेंटरचे व्यवहार खणण्यापेक्षा औषधाच्या दुकानातल्या गर्भपाताच्या गोळ्या मोजणं सोपं, मग दुकानदार गोळ्या ठेवणंच बंद करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ताईंच्या बहिणीचं काम मात्र यातल्या कशातही अडकायचं नाही. तेरा आठवडे आहेत, एक डॉक्टर पुरे, कोर्ट नको, बोर्ड नको. जिल्हा समितीची मान्यता असलेल्या केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जायचं. संमतीचा नमुना 'क' तिने स्वतः भरायचा, त्यात नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. सही मागितलीच तर "कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या" एवढंच शांतपणे म्हणायचं. बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो. नाही मिटला तर भांडत बसू नका, दुसऱ्या दवाखान्यात जा, दिवस घालवू नका. माहिती गुप्त ठेवणं कलम ५-अ प्रमाणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, त्यामुळे घरी फोन करायचा अधिकार कुणालाही नाही. आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवायला सांगा, लॅमिनेशन करून नव्हे, नुसता पिशवीत घालून. त्यावरची तारीख नंतर कुणालाही बदलता येत नाही.